'मेरी ख्रिसमस'ला 'स्लो' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

श्रीराम राघवन यांचा 'मेरी ख्रिसमस' कुणाला आवडला नसेल तर माझं काही म्हणणं नाही. पण "पहिला हाफ नुसत्या गप्पा आहेत, खरा पिक्चर नंतर सुरू होतो" हे ऐकलं की मला राहवत नाही. अहो, त्या गप्पा हाच खरा पिक्चर आहे!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईला अजून बॉम्बे म्हणत होते त्या काळातली ख्रिसमसची आदली रात्र. अल्बर्ट (विजय सेतुपती) सात वर्षांनी शहरात परत आलाय. आई गेलीय, घर रिकामं पडलंय. एका रेस्टॉरंटमध्ये त्याला मारिया (कतरिना कैफ) दिसते. सोबत तिची न बोलणारी छोटी मुलगी आणि एक भलामोठा टेडी. मग रात्रभर ही दोघं चालतात, बोलतात, पितात, नाचतात. आणि मग एक प्रेत समोर येतं. कथेबद्दल याहून जास्त बोलणार नाही, पण खाली थोडंफार सूचित होईल. कोऱ्या मनाने बघायचा असेल तर आधी बघून या.

पहिला शॉट आठवा. पडद्याचे दोन भाग, दोन्हीकडे मिक्सर. एकात मसाला दळला जातोय, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या. कुणाचं घर, कुणाचा हात, काही कळत नाही. प्रेमात पडायला निघालेल्या दोन माणसांची गोष्ट सांगणारा दिग्दर्शक सुरुवात स्वयंपाकघरातल्या मिक्सरने करतो! नावं येईपर्यंत आपण तो शॉट विसरूनही जातो. शेवटाकडे त्याचा अर्थ लागतो तेव्हा लक्षात येतं की या माणसाने पहिल्याच मिनिटाला आपले पत्ते उघडे करून ठेवले होते.

थिएटरचा प्रसंगही तसाच. पडद्यावर पिनोकिओ चाललाय, खोटं बोललं की नाक वाढणारा लाकडी बाहुला. आणि खाली खुर्च्यांत बसलेली ही दोघं, एकमेकांना अर्धंच खरं सांगितलेली. राघवन यांनी यावर एक वाक्यही खर्च केलेलं नाही. दिसलं तर दिसलं.

मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मारियाचं प्रत्येक वाक्य बदललेलं वाटलं. पहिल्यांदा जिथे नुसतं एकटेपण दिसलं होतं तिथे आता हिशोब दिसत होता. पण हिशोब दिसूनही ते एकटेपण खोटं वाटेना. दिवाणखान्यात दोघं नाचतात तो प्रसंग बघा. मारिया मोकळी सुटल्यासारखी नाचते, अल्बर्ट आधी बिचकतो, मग हळूहळू तिच्या लयीत येतो. हे प्रेम आहे की सापळा? माझ्या मते दोन्ही आहे, आणि हे सगळं एकाच वेळी एका बाईच्या चेहऱ्यावर दाखवणं सोपं नाही. समोरचा माणूस खरं बोलतोय का, हा प्रश्न प्रेमात पडणाऱ्यालाही छळतो आणि पोलिसालाही. म्हणून या चित्रपटात आधी रोमान्स आणि मग सस्पेन्स असे दोन कप्पे करताच येत नाहीत. गप्पा कापल्या तर शेवटी उरेल फक्त कोडं.

आणि कतरिनाबद्दल बोलायलाच हवं. तिच्या हिंदीची आपण वर्षानुवर्षं टर उडवली. इथे तिचं ते थोडं अडखळतं, जपून बोलणं मारियाला इतकं शोभतं की दुसरी कुणी डोळ्यांसमोर येत नाही. सेतुपतींच्या हिंदीलाही तमिळ वळण आहे. "ही जोडीच जमत नाही" असं प्रदर्शनाआधीपासून ऐकत होतो. अहो, जमू नये अशीच जोडी हवी होती! एकमेकांच्या जगात न बसणारी दोन माणसं एका रात्रीपुरती एकत्र येतात, त्याचीच तर ही गोष्ट आहे. राधिका आपटे आणि अश्विनी काळसेकर छोट्या भूमिकांत आहेत, दोघीही लक्षात राहतात.

मग चालला का नाही? १२ जानेवारी २०२४ ला आला. नावात ख्रिसमस आणि प्रदर्शन संक्रांतीच्या तोंडावर. त्याच दिवशी 'हनुमान' हा तेलुगू चित्रपट लागला आणि गर्दी तिकडे गेली. शिवाय राघवन यांच्याच आधीच्या 'अंधाधुन'चं ओझं होतंच. पुण्यात घडणारा तो २०१८चा चित्रपट दर दहा मिनिटांनी धक्का देतो. प्रेक्षक तेच मागायला आले होते आणि इथे मिळाली एक निवांत, थंड रात्र. समीक्षकांनी बहुतेक ठिकाणी कौतुक केलं, तरी थिएटरं भरली नाहीत. मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आल्यावर बऱ्याच जणांनी पाहिला, पण मोबाइलवर, मधेच मेसेज बघत, दहा सेकंद पुढे ढकलत. या चित्रपटात दहा सेकंद पुढे गेलात तर एक नजर हुकते, आणि ती नजर हाच पुरावा असतो. शेवटची पोलीस स्टेशनमधली काही मिनिटं तर जवळपास संवादाशिवाय आहेत. जुन्या इटालियन संगीतकार विवाल्दीचं संगीत, एक अंगठी आणि माणसांचे डोळे. "शेवट कळलाच नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारते, की तेव्हा पडद्याकडे बघत होतात का?

दोष नाहीत असं नाही. पोलीस आल्यानंतर काही गोष्टी फार सोयीस्करपणे जुळून येतात, हे मलाही खटकलं.

पण संथपणा आपल्याला झेपत नाही हे मला पटत नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा. त्यावरून राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. बायकोला स्वतःच्या हाताने निरोप दिलेल्या माणसासमोर एक आरोपी बाई उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. खटला चालू असताना गाणी येतात, आठवणी येतात, आणि प्रत्येक गाण्यागणिक आपली शंका वाढत जाते. ती गाणी कापा असं कुणी म्हणालं नाही. आपल्या आई-आज्यांनी ते चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले, रहस्य ठाऊक असतानाही. कारण त्यांना त्या बाईचं काय होतं याची काळजी होती.

राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. हे जुने चित्रपट त्यांच्या अंगात किती मुरलेत ते त्यांच्या कामात दिसतं. अशा दिग्दर्शकाला उद्या कुणी निर्माता "पहिला हाफ वीस मिनिटांनी कमी करा" म्हणाला तर त्यात आपलाही वाटा असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अर्ध्यावर सोडला असेल तर एकदा दिवे बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सुरुवातीपासून बघा. नाही आवडला तर इथे येऊन खुशाल भांडा. फक्त कमेंटमध्ये शेवट फोडू नका, बऱ्याच जणांचा अजून बघायचा राहिलाय.