रुग्णवाहिकेत कोण बसावे?

सोलापूरच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एकच वाद चालू आहे: १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टरच असला पाहिजे, की प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ पुरेसा आहे? वादाला निमित्त झाला एका वर्गमैत्रिणीचा मुलगा. बारावी विज्ञान झालेला, नीटमध्ये गुण कमी पडलेला हा मुलगा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा (ईएमटी) अभ्यासक्रम करू म्हणतो, आणि ते योग्य होईल का, एवढेच त्याच्या आईने विचारले होते. आता स्वतःचे नर्सिंग होम चालवणाऱ्या एका वर्गमित्राने एका ओळीत निकाल दिला: “डॉक्टर नसलेली ॲम्ब्युलन्स म्हणजे सायरन लावलेली रिक्षा.” त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी न्यू जर्सीत पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवरची वरच्या पायरीची तंत्रज्ञ, आहे हे गटातल्या सर्वांना ठाऊक आहे, निदान माझा तसा समज होता.

अपमान वाटला हे खरेच. पण त्याहून जास्त चीड आली ती प्रश्नाच्या मांडणीची. आपल्याकडे वैद्यकीय जगात अजूनही दोनच जाती मानल्या जातात, डॉक्टर आणि बाकीचे. आणि बाकीच्यांमध्येही शिकण्याच्या पायऱ्या असतात, खालच्या पायरीवरच्या माणसाला परीक्षा देऊन वर जाता येते, हे कोणाच्या गावीही नसते.

मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले तेव्हा सोलापूरची बी.एस्सी. आणि भरपूर मोकळा वेळ एवढेच माझ्याजवळ होते. नोकरी करता येत नव्हती, पण गावाच्या रुग्णवाहिका पथकाला, स्क्वॉडला, स्वयंसेवक हवे होते, आणि स्वयंसेवकाच्या ईएमटी अभ्यासक्रमाचा खर्च राज्याच्या निधीतून होत होता. हा अभ्यासक्रम साधारण दीडशे ते दोनशे तासांचा असतो: श्वासमार्ग मोकळा करणे, ऑक्सिजन, सीपीआर, रक्तस्राव थांबवणे, मोडलेले हाड बांधणे, प्रसूती. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रत्येक टेबलापाशी पहिले वाक्य ठरलेले असे, “बीएसआय, सीन सेफ?”, म्हणजे रुग्णाच्या रक्तापासून स्वतःचा बचाव केला, जागा सुरक्षित आहे ना; हातमोजे घातल्याचे तोंडाने सांगायला विसरलात, तर पुढचे सारे बिनचूक करूनही नापास. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला होता. सासूबाईंना तर सगळाच प्रकार नापसंत होता. रात्री-अपरात्री परक्या माणसांना उचलायला जाणारी सून त्यांनी कल्पिली नव्हती.

ईएमटी ही पहिली कामाची पायरी. तिच्यावर काही राज्यांत ॲडव्हान्स्ड ईएमटी ही मधली पायरी आहे, आणि त्यानंतर पॅरामेडिक. पॅरामेडिकच्या शिक्षणाला हजार ते अठराशे तास लागतात आणि त्यातले बरेचसे वर्गाबाहेर जातात. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या नजरेखाली श्वासनलिकेत नळी घालायला शिकायचे, प्रसूती विभागात, लहान मुलांच्या विभागात आणि अतिदक्षता विभागात पाळ्या करायच्या, आणि शेवटी रस्त्यावर प्रिसेप्टरबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी पॅरामेडिकबरोबर, काम करायचे. तिथे निर्णय तुम्ही घ्यायचा आणि तो मागे बसून मुकाट्याने लिहीत राहणार. २०१३ पासून मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेल्यालाच पॅरामेडिकच्या राष्ट्रीय नोंदणीच्या परीक्षेला बसता येते, आणि ती नोंदणी दर दोन वर्षांनी साठ तासांचे शिक्षण दाखवून टिकवावी लागते. किती डॉक्टरांना दर दोन वर्षांनी असा हिशेब द्यावा लागतो, असे मी गटावर विचारणार होते. लिहिले आणि खोडले.

या दोन पायऱ्यांतला फरक छातीत दुखणाऱ्या माणसाजवळ बसल्यावर कळतो. ईएमटी त्याला ॲस्पिरिन चघळायला देतो, आणि डॉक्टरांनी त्या माणसालाच लिहून दिलेली नायट्रोग्लिसरीनची गोळी घरात असेल, तर ती जिभेखाली ठेवायला मदत करतो. वरचा रक्तदाब शंभराच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, हा त्याचा नियम. पॅरामेडिक ही गोळी स्वतःच्या पेटीतून देऊ शकतो, परंतु आधी बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी दाखवणारा, ईसीजी काढतो, आणि त्यांतल्या खालच्या बाजूच्या लीड दोन, तीन व एव्हीएफमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला, तर एक लीड छातीच्या उजव्या बाजूला लावून पुन्हा पाहतो. हृदयाचा उजवा कप्पा दुखावलेला असेल तर त्या माणसाचा रक्तदाब शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर कसाबसा तगून असतो. गोळीने शिरा सैलावल्या की तो कोसळू शकतो. म्हणून रक्तदाब एकशे दहा दिसत असूनही हात आखडता घ्यायचा. हा निर्णय मी जिन्याखालच्या अरुंद जागेत गुडघ्यावर बसून घेतलेला आहे, आणि त्या वेळी डॉक्टर नव्हता असे मी म्हणणार नाही. डॉक्टर आधीच लिहून ठेवलेल्या आदेशांत होता, गरज पडली की मेडिकल कमांडच्या फोनवर होता, आणि ईसीजी पोहोचला होता तिथे कॅथ लॅबची, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायच्या खोलीची, तयारीही करत होता.

आमच्या मित्राला “बारावी पास पोरे” हे शब्द फार आवडतात. त्याला मी पिट्सबर्गच्या फ्रीडम हाउस या रुग्णवाहिका सेवेची गोष्ट सांगितली. १९६७ मध्ये तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बेकार तरुणांना निवडून, ज्यांतल्या अनेकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, पीटर सफार या भूलतज्ज्ञाने त्यांना सुमारे तीनशे तासांचे प्रशिक्षण दिले. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते घडवणाऱ्यांत हे सफार होते. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी त्याच सेवेत काम करताना पॅरामेडिकचा जो अभ्यासक्रम बांधला, त्यावर अमेरिकेतले नंतरचे प्रशिक्षण उभे राहिले. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद केली, हेही सांगायला हवे. कर्तबगारी सिद्ध झाली म्हणून मान मिळतोच असे इथेही नाही.

मित्राने यावर फ्रान्स काढले. तिथे रुग्णवाहिकेतून डॉक्टर येतो, जर्मनीतही येतो, हे मला ठाऊक आहे. पण त्याच जर्मनीने २०१४ पासून रुग्णवाहिकेवरच्या माणसासाठी तीन वर्षांचे शिक्षण ठरवले आहे, हे तो विसरला. मग त्याने बिलाचा विषय काढला: १०८ फुकट येते, तुमच्याकडे एका फेरीचे हजार डॉलर होतात. होतात. शिवाय इथल्या ईएमटीला मिळणारा पगार टर्नपाइक या इथल्या महामार्गाच्या एक्झिट दहाजवळच्या गोदामात खोकी भरणाऱ्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. परंतु आपण शिक्षणाबद्दल बोलत होतो.

आता घरचे पाहू. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवनरक्षक. दोन्हींत डॉक्टर बसवायचा असे ठरले, आणि तो प्रामुख्याने बी.ए.एम.एस. झालेला असतो. त्यांच्यातल्या अनेकांनी आषाढीच्या वारीत आणि उसाच्या ट्रॉल्यांवर आदळलेल्या दुचाक्यांपाशी जे काम केले आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण साडेपाच वर्षे आयुर्वेद शिकलेल्या माणसाला आपत्कालीन सेवा वरून थोडीबहुत शिकवून गाडीत बसवायचे, आणि ज्याला हेच काम आयुष्यभर करायचे आहे त्याच्यासाठी मात्र वर चढण्याची वाट ठेवायची नाही, याला धोरण कसे म्हणावे? अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात शिरले की तिथल्या १०८ मध्ये तंत्रज्ञ बसतो. हैदराबादेत २००५ मध्ये सुरू झालेली मूळ १०८ सुद्धा तंत्रज्ञांवरच उभी राहिली. निम्म्या सोलापूरचे नातलग त्या दोन राज्यांत आहेत. त्यांना कोणी रिक्षातून नेले अशी तक्रार मी ऐकलेली नाही. रिक्षाचेच म्हणाल, तर सोलापुरात सिव्हिलला पोहोचणारे कितीतरी रुग्ण आजही खरोखरीच्या रिक्षातून जातात, आणि त्यांच्याजवळ डॉक्टरही नसतो आणि तंत्रज्ञही नसतो.

कोटणीस आमच्या गावचे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्या तरुण डॉक्टरला सोलापूरने डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जखमींना कोणीतरी उचलून आणत असणारच. ते कोण होते हे आम्हाला शाळेत कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

माझी आई खोटे बोलत नाही. ती फक्त वाक्य असे रचते की ऐकणाऱ्याने स्वतःहून गैरसमज करून घ्यावा: “मुलगी अमेरिकेत इमर्जन्सीला असते.” मागच्या खेपेला नात्यातल्या एका लग्नात कोणीतरी “म्हणजे नर्स का?” असे विचारले, तेव्हा मी पंगतीतच अभ्यासक्रमाचे तास, औषधांची यादी आणि नोंदणीचे नियम सांगत बसले, आणि समोरच्या बाईंची कडक भाकरी तशीच राहिली. न्यू जर्सीत मला हे कधी करावे लागत नाही. तिथे गणवेश पाहून लोक बाजूला होतात, आणि एवढ्याने माझे समाधान व्हायला हवे. पण मला मान हवा आहे तो त्या पंगतीत. मी सोलापुरातच राहिले असते तर बी.एड. केले असते, आणि वर्गमैत्रिणीच्या मुलाने हा अभ्यासक्रम निवडला म्हणून बहुधा मीही हळहळले असते. आज माझ्या प्रमाणपत्रावर सोलापुरात मला कोणी सलाईनही लावू देणार नाही. घरच्या वादात मी एवढ्या तावातावाने उतरते, याचे अर्धे कारण ते असावे.

मुलाच्या आईला मी शेवटी खासगीत लिहिले. कौशल्य विकास परिषदेच्या यादीत ईएमटीचे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे दोन टप्पे आहेत. तो निव्वळ बेसिकवर थांबणार असेल तर पुढे त्याची घुसमट होईल. २०२१ च्या राष्ट्रीय आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने पॅरामेडिकला अनुसूचीत जागा दिली आहे आणि सहयोगी व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण सांगितले आहे. म्हणून प्रवेशाआधी संस्थेला विचार की हे शिक्षण त्या कायद्याखालच्या नोंदणीला चालेल का, मुलगा खऱ्या रुग्णवाहिकेवर किती पाळ्या करणार, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी बसून शिकवणारा कोण असेल. भिंतीवर सरावाच्या पुतळ्यांचे फोटो लावलेले असतील तर त्यांना भुलू नकोस.

तिचे उत्तर लगेच आले. “हे सगळं विचारते गं. पण उद्या सोयरीक बघताना काय म्हणून सांगायचं?” पॅरामेडिक म्हणून सांग, आणि पगारही सांग, असे मी लिहिले; पगाराचा आकडा मात्र तिलाच तिथे चौकशी करून काढावा लागणार आहे.