त्याचं काहीतरी असणार

सांगलीत विनाकारण कुणी काही करत नाही. केलंच, तर त्याचं कारण अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, इतकंच. समोरच्यानं घराला रंग काढला की मुलीचं जमलं. कुणी एकदम पहाटे फिरायला लागला की साखर निघाली. कुणी आपणहून चहा पाजला की पतसंस्थेची निवडणूक आली. हे निदान सहसा चुकत नाही, आणि चुकलं तरी ते चुकलं असं कुणी मानत नाही. "त्याचं काहीतरी असणार" हा आमच्या गावातला शेवटचा निकाल. त्यावर अपील नाही.

अशा गावात माझ्या भाच्यानं टॉम बॉम्बाडिल आणून सोडला.

भाचा इंजिनियरिंगला आहे, त्यामुळे कादंबऱ्या भरपूर वाचतो. आमराईतल्या आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसून ते कावले होते, म्हणून या पोरानं त्यांना टोल्किन या इंग्रज लेखकाचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नेऊन दिलं. हजाराच्या वर पानं. गुडघा बरा होईस्तोवर पुरेल असा त्याचा हिशेब. साहेबांनी ते शाखा तपासणीला आल्यासारखं वाचलं. समासात पेन्सिलीच्या खुणा, मागच्या कोऱ्या पानावर शेरे. गुडघा बरा झाला, साहेब कट्ट्यावर आले आणि काठी टेकवायच्या आत म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण त्यात एक इसम आहे. त्याचा हेतूच दिलेला नाही."

"कोण इसम?" वकीलसाहेबांनी विचारलं. हेतू म्हटलं की त्यांना बसवत नाही.

त्या दिवसापासून आमच्या कट्ट्यावर महागाई, मणका आणि महापालिका हे तिन्ही विषय बंद झाले.

ज्यांच्या घरात असा भाचा नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एक अंगठी आहे. ती बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो आणि फार दिवस जवळ ठेवली की त्याच्यातला माणूसच संपतो. राजे, जादूगार, साधी सज्जन माणसं, सगळ्यांना एकतर ती हवी असते किंवा आपल्याला ती हवीशी वाटेल याची धास्ती असते. (ज्यांनी सहकारी संस्थेत एखादं पद भूषवलंय त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.) फ्रोडो नावाचा एक बुटका ती घेऊन गाव सोडतो, आणि सुरुवातीच्याच जंगलात एक म्हातारं वाळुंजाचं झाड त्याच्या सोबत्यांना गिळायला लागतं. तेवढ्यात निळा कोट, पिवळे बूट, टोपीत निळं पीस अशा वेशात एक गृहस्थ अर्थहीन गाणं म्हणत, उड्या मारत येतो. झाडाला दम देतो, पोरांना सोडवतो आणि घरी जेवायला नेतो. हा टॉम बॉम्बाडिल.

जेवणखाण झाल्यावर तो म्हणतो, दाखव बघू ती अंगठी. ज्या अंगठीपायी रक्ताचे पाट वाहिले ती फ्रोडो मुकाट काढून देतो. बॉम्बाडिल तिच्यातून एका डोळ्यानं बघतो आणि हसतो. करंगळीच्या टोकाला घालतो, आणि गायब होत नाही. उलट अंगठीच हवेत उडवून गायब करतो, मग हसत परत देतो. विषय संपला. पुढं पोरांना एकदा भुताटकीतून सोडवतो, पण स्वतःच्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही. जगाचं वाटोळं व्हायची वेळ आलीय, हा एकटा असा आहे की ज्याच्यावर अंगठी चालत नाही, आणि हा घरी जातो. का? ते पुस्तकभर कुणी सांगत नाही. फ्रोडो त्याच्या बायकोला, गोल्डबेरीला, सरळ विचारतो की हा आहे तरी कोण? ती म्हणते, "तो आहे."

सांगलीत हे उत्तर कसं चालणार?

बँकवाल्या साहेबांचा आक्षेप तांत्रिक होता. "दागिना हातात घेतला. वजन नाही, कस नाही, पावती नाही. मधेच दिसेनासा केला. परत दिला तो तोच कशावरून?" इथं मला कबूल करावं लागलं की फ्रोडोलाही हाच संशय येतो, तो अंगठी नीट निरखतो, मग बोटात घालून खात्री करून घेतो. साहेब खूश झाले. "पोरगं बँकेत घेण्याजोगं आहे."

वकीलसाहेबांनी फक्त 'संबंधित प्रकरणं' वाचली होती. त्यांना गोल्डबेरीच्या जबानीत रस. ती म्हणते की टॉम या रानाचा, पाण्याचा, डोंगराचा धनी आहे, पण हे काही त्याच्या मालकीचं नाही. झाडं-गवत ज्याचं त्याचं आहे. "म्हणजे कब्जा आहे, सातबाऱ्यावर नाव नाही," वकीलसाहेब म्हणाले. "शिवाय तो जादूगार गॅन्डाल्फ म्हणतो, यानं आपल्या हद्दी आपणच ठरवल्यात आणि त्या दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. मोजणी नाही, खुणा नाहीत. असा माणूस वादात पडेल व्हय? एकदा साक्षीला उभा राहिला की उलटतपासणीत पहिला प्रश्न जमिनीचा येणार. गप्प बसलाय ते बरोबर बसलाय."

हळदीचे व्यापारी काका एक ओळही न वाचता सर्वांत ठाम होते. "भाव बघतोय त्यो," ते म्हणाले. काकांच्या आजोबांची हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची, आणि ज्याला थांबता येतं तोच व्यापारी, हे काकांना दुधाबरोबर मिळालेलं. "समदी अंगठीमागं पळाल्यात. ह्यो घरात बसलाय. शेवटी कुणीतरी ह्याच्या दारात येणारच." आणि पंचाईत अशी की येतो. सगळं युद्ध संपल्यावर, घराच्या वाटेवर, गॅन्डाल्फ पोरांना सांगतो की मी आता बॉम्बाडिलकडं चाललोय, आयुष्यात बोललो नाही इतकं त्याच्याशी बोलणार आहे. काय बोलले ते पुस्तकात नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "रुमालाखालचा सौदा!"

त्यानंतर मराठीचे निवृत्त प्राध्यापक सर उतरले. त्यांनी आधी बलराम काढला: भारतीय युद्धात कुणाचीच बाजू न घेता तो तीर्थयात्रेला निघून गेला. मग रुक्मी काढला, ज्याला दोन्ही बाजूंनी नको म्हटलं. मग स्वतःच दोघांनाही बाद केलं, कारण त्या दोघांची कारणं व्यासांनी दिलेली आहेत. आठवडाभर सर अस्वस्थ. मग एका संध्याकाळी ते जवळजवळ पळत आले.

"विष्णुदास भावे!" ते म्हणाले. "आपल्याच गावात, १८४३ साली, 'सीता स्वयंवर' नाटक. सूत्रधाराचं मंगलाचरण झालं की पहिला कोण यायचा? विदूषक! तोसुद्धा वनचर, रानातला. नाचत, उड्या मारत, काहीबाही बोलत. मग गणपती, मग सरस्वती, मग आख्यान. विदूषकाचा हेतू काय म्हणून राजे चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना विचारलं का?"

मला विचाराल तर आजवर ऐकलेल्यांत हे सर्वांत देखणं उत्तर. तिकडचे वाचक त्याला देव म्हणतात, निसर्गाचा आत्मा म्हणतात, तो म्हणजे खुद्द लेखकच असंही म्हणतात. पण वेश रानातला, गाणं वेडगळ आणि यायची वेळ आख्यान पुरतं सुरू व्हायच्या आधीची, हे सगळं एका झटक्यात बसवणारा माणूस आमराईतच निघाला. कट्ट्यानं ते ऐकून घेतलं आणि काका म्हणाले, "ते झालं हो सर. पण त्या विदूषकाला बिदागी मिळायची का न्हाई?"

घरीही सुटका नव्हती. बायकोनं पुस्तक हातात न धरता, माझ्या आणि भाच्याच्या भांडणातून कथानक जमवलं होतं. तिचं म्हणणं असं, की तो मुळात पोरांना वाचवायला आलाच नव्हता. हे खरंच आहे. तो गोल्डबेरीसाठी हिवाळ्याआधीची शेवटची कमळं काढायला निघालेला असतो, पोरं वाटेत भेटतात. "बायकोनं सांगितलेलं काम केलं आणि वेळेवर घरी आला," ती म्हणाली. "एवढं साधं कारण तुम्हा पाच बाप्यांच्या लक्षात येईना, कारण तसं कुणी केलेलंच नाही." मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हा मुद्दा नेला नाही.

पावसाळ्यात तरी विषय वाहून जाईल अशी आशा होती. कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीला दुसरं काही सुचत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या आठवड्याबद्दल इथं अजून कुणी चेष्टेनं बोलत नाही. तर पाणी अडतीसवर होतं, पुलावर ही गर्दी, आणि आमची मंडळी कठड्याला टेकून उभी. साहेब गढूळ पाण्याकडं बघत म्हणाले, "नदीत टाकून द्यायची होती."

कुणी विचारलं नाही काय ते.

"उपयोग नाही," भाचा म्हणाला. "ती आधी नदीतच पडली होती. अडीचेक हजार वर्षांनी वर आली."

"येणारच," काका म्हणाले. "एकोणीसला माझा सिलिंडर हरिपुरात घावला." बाजूला उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ हे सगळं ऐकत होता. तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "कुणाची अंगठी गेलीय?"

शेवटी भाच्यानं हुकमाचं पान काढलं. टोल्किनसाहेबांचं १९५४ सालचं पत्र. एका लेखिकेला त्यांनी लिहिलंय की पुराणकाळातही काही कोडी असायला हवीत, आणि बॉम्बाडिल हे त्यातलं मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे. पुढं थोडं समजावलंयही: ज्यानं सत्ता सोडून दिली, ज्याला गोष्टी नुसत्या आहेत म्हणूनच आवडतात, त्याला सत्तेचा प्रश्न पडतच नाही, मात्र असा माणूस टिकायला बाकीच्यांनी लढाई जिंकावी लागते. मला वाटलं, संपलं. प्रत्यक्ष लेखकाचा लेखी खुलासा.

वकीलसाहेबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. "मुद्दाम ठेवलंय म्हणतो," ते म्हणाले. "का ठेवलंय ते लिहिलंय कुठं? म्हणजे आता लेखकाचा हेतू काढणं आलं."

मग भाच्यानं राहिलेलंही सांगून टाकलं. बॉम्बाडिल या कादंबरीत जन्मलाच नाही. त्याच्यावरची कविता १९३४ सालीच छापून आली होती. ("डेप्युटेशनवर आलेला," साहेब म्हणाले. "असली माणसं कुठल्याच शाखेची जबाबदारी घेत नाहीत.") आणि त्याच्याही आधी तो टोल्किनच्या मुलाची एक डच बाहुली होता, टोपीत पीस असलेली. मोठ्या भावाला ती आवडेना, म्हणून त्यानं एकदा ती संडासात कोंबली. तिला बाहेर काढावं लागलं.

कट्टा बराच वेळ गप्प झाला. मग काका म्हणाले, "तितनं वर आलेल्या माणसाला अंगठीचं काय कवतिक?" बॉम्बाडिलवर आमराईत झालेल्या चर्चेतलं हे एकमेव विधान ज्यावर कुणी हरकत घेतली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याच सुमारास आमच्या हाऊसिंग सोसायटीचं अध्यक्षपद रिकामं झालं. सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं. मी नको म्हणालो. कारण काही नव्हतं. मला दुपारी झोपायला आवडतं, संध्याकाळी आमराईत बसायला आवडतं आणि पाण्याच्या टाकीच्या किल्लीत मला रस नाही. हेच मी सभेत सांगितलं. सभा माझ्याकडं बघत राहिली. "तसं न्हवं," खजिनदार समजुतीनं म्हणाले, "खरं काय ते सांगा की."

दोन दिवसांत बिल्डरशी माझं आतून काहीतरी ठरल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. मी फ्लॅट काढून पुण्याला जाणार असल्याचं बायकोला भिशीत कळलं. कट्ट्यावर गेलो तर बोलणं थांबलं. साहेबांनी चष्मा पुसला. वकीलसाहेब म्हणाले, "आमच्यापाशी बोलायला काय हरकत आहे? बाहेर जाणार नाही." सर बलरामाकडं वळणार असं दिसलं. काका नुसते हसले आणि म्हणाले, "भाव बघताय. बघा, बघा."

मी चौघांकडं बघितलं आणि म्हणालो, "मणक्याचा त्रास आहे. फार वेळ बसवत नाही."

"अस्सं!" चौघंही एकदम म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान मी त्या हजार पानांच्या पुस्तकानंही आलेलं बघितलं नव्हतं. काकांनी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणली. खजिनदार घरी येऊन माफी मागून गेले आणि एक पट्टा ठेवून गेले. साहेबांनी मिरजेतल्या डॉक्टरांची गुरुवार सकाळची वेळ घेतलीय, गाडी वकीलसाहेबांची आहे, आणि चौघंही बरोबर येणार आहेत. बायको म्हणते, एमआरआय काढूनच घ्या, काहीतरी असणारच.