वीरगळ म्हणजे मावळ्यांच्या समाध्या नव्हेत

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सोबत रस्त्याकडेच्या, शेंदूर फासलेल्या वीरगळाचा, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडाचा फोटो आणि खाली चार दावे: हे दगड म्हणजे शिवरायांच्या मावळ्यांच्या समाध्या, दगडावर चौकटी जितक्या जास्त, तितका त्या वीराचा हुद्दा मोठा, दगडाखाली त्याचा देह आहे, आणि माथ्यावर कलश असेल तर तिथे धन पुरलेलं आहे. आमच्या काकांनी तो मला आदरानेच पाठवला. पण चारही दावे चुकीचे आहेत, आणि पहिल्याने तर ज्यांची ही आठवण आहे ती माणसंच पुसली जातात.

आधी काळाचं बघू. महाराजांचा जन्म १६३० चा. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ त्याच्या कितीतरी आधीचे, शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातले. बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर आरमारी लढाई कोरली आहे. डोलकाठ्या, ओळीने वल्ही, सगळं दिसतं. काही अभ्यासक ती यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली, १२६५ च्या सुमाराची मानतात; काही तिला त्याहूनही जुनी ठरवतात. कोणतंही मत धरा, शिवजन्माला अजून साडेतीनशेहून अधिक वर्षं होती. मुळात वीरगळ हा शब्दच कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला. कल्लु म्हणजे दगड. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दगड राष्ट्रकूट कृष्ण तिसऱ्याच्या काळातला, दहाव्या शतकाच्या मध्याचा, आणि त्यावर रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचीही आठवण आहे. एका कुत्र्याची!

मराठेशाहीतही काही ठिकाणी असे दगड घडवले गेले, हे खरं. पण त्यावरून वेशीवरचा प्रत्येक दगड मावळ्याचा ठरत नाही. तानाजी मालुसऱ्यांची समाधी सिंहगडावर आहे, बाजीप्रभू आणि फुलाजींची विशाळगडावर. लोक त्या नावानिशी ओळखतात, तिथे जाऊन डोकं टेकवतात. वेशीवरच्या दगडातला माणूस वेगळा.

तो कोण, हे दगडच सांगतो. फक्त तो खालून वर वाचायचा. सगळ्यांत खाली वीर आडवा पडलेला, पुष्कळदा शेजारी गाई. त्यावर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत आणि शेवटी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. चौकटी हुद्द्याच्या नाहीत, त्या गोष्टीच्या पायऱ्या आहेत. कुठे गोष्ट तीन चौकटींत आटोपली, कुठे विस्ताराने कोरली, एवढाच फरक.

आणि त्या गाई! गाई कोरलेल्या असतील तर हा गावचं गोधन पळवणाऱ्यांना आडवा गेलेला माणूस. गुरं गेली की नांगर गेला, खत गेलं, पोरांच्या तोंडचं दूध गेलं. त्यापायी कुणी गुराखी, कुणी शेतकरी हातात मिळेल ते शस्त्र घेऊन उभा राहिला आणि मेला. गावाने त्याच्यासाठी पाथरवट बसवला. आमच्या मारुतीच्या पाराला टेकून तीन वीरगळ उभे आहेत. मधल्यावर पाच गाई आहेत. शेंदराच्या थराखालच्या त्या गाई मला चाळिशीत पहिल्यांदा दिसल्या. ‘मावळ्याची समाधी’ असं एकदा म्हटलं की त्या कुणी शोधतच नाही.

देहाबद्दल फार बोलायला नको. वीरगळ हे स्मारक आहे, थडगं नव्हे. शिवाय शेतात नांगराला लागलेले कितीतरी दगड लोकांनी उचलून देवळापाशी आणून ठेवले आहेत. त्यांच्याखाली देह कुठून येणार?

धनाचा दावा मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण तो वाचून माणसं पहार घेऊन निघतात. माथ्यावरचा कलश देवळाच्या शिखरावर असतो तसाच आहे, धनाचा हंडा नव्हे. गधेगाळीबद्दलही हीच अफवा ऐकू येते. खरं तर गधेगाळ म्हणजे दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी, दगडात कोरलेली. अलिबागजवळचा अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तोही वर्षानुवर्षं रस्त्याकडेलाच होता. कुणी सोन्यापायी फोडला असता तर आपल्या भाषेच्या त्या ओळी गेल्या असत्या.

आमच्या पाराजवळचा तिसरा दगड गेल्या उन्हाळ्यात एका रात्री कुणीतरी उकरला. हातभर खड्ड्यातून निघाला तो मुरूम. दगड पडला आणि मधोमध तडकला. कलश धड आहे. लढाईची चौकट अर्धी गेली. आता त्यात ढाल धरलेला एक हात तेवढा उरलाय.