शेजारच्या आजी नाटक करत नाहीयेत, त्या फॉरवर्डला हे उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, आधी घरच्या, मग गल्लीच्या, मग शाळेच्या बॅचच्या. त्यात लिहिलंय की मेंदू म्हणजे कॅमेरा, एकदा रेकॉर्ड झालं की पुसत नाही, म्हणून ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं लग्न आठवतं पण सकाळचा चहा आठवत नाही तो सोयीनं विसरतोय. त्यांचं चिडणं-शिव्या देणं म्हणजे आतला खरा स्वभाव. आपण मेंदू १०% च वापरतो, बाकीचा जागा केला की सगळं आठवतं. आणि शेवटी उपाय, रोज परीक्षा घ्या, चुकले की परत विचारा.

मी गप्प बसलो असतो, पण सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमच्या शेजारी एक आजी राहतात, आयुष्यभर विड्या वळल्या त्यांनी, आता दोन वर्षं विसरतायत. त्यांच्या सुनेनं मला तो मेसेज दाखवून विचारलं, "भाऊ, म्हणजे अत्ता मुद्दाम करतात का ओ?" (अत्ता म्हणजे तेलुगूत सासूबाई.) तिचा चेहरा बघून मला लै वाईट वाटलं.

पहिलं, कॅमेऱ्याचं. आठवणी मेंदूत एका पेटीत नसतात. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या पोराची फिट थांबावी म्हणून ऑपरेशन करून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी टिकवणारा भाग, आणि आसपासचा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर त्याच्या डोक्यात नवीन काही टिकेना. लहानपणच्या गोष्टी सांगायचा, आणि आत्ता भेटून गेलेला माणूस परत आला की त्याला नवाच वाटायचा. २००८ मध्ये गेला, तोवर असंच. म्हणजे जुनं आठवणं आणि नवीन टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे म्हातारपणी विसरायला लावणाऱ्या मेंदूच्या आजारात, बहुतेक वेळा पहिला मार याच हिप्पोकॅम्पसच्या भागाला बसतो. जुनी विणलेली चादर आहे तशी आहे, मागावर नवीन धागाच चढत नाहीये. यात नाटक कुठं आलं?

याच मोलेसनला ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. कारण हाताचं शिकणं हिप्पोकॅम्पसवर अवलंबून नसतं, त्याचा कारभार मेंदूतल्या दुसऱ्याच भागांकडं असतो. हे मी परवा आमच्या गल्लीत डोळ्यांनी बघितलं. सुनेनं आजींच्या मांडीवर पाखडायचं सूप ठेवलं, कापलेलं तेंदूचं पान हातात दिलं. आजींना वार माहीत नव्हता, मी कोण ते माहीत नव्हतं, मधूनच तेलुगू बोलायला लागल्या, पण बोटांनी पानावर तंबाखू पसरली, गुंडाळलं, टोक मुडपलं, दोरा बांधला, पुढचं पान उचललं, खाली बघितलंसुद्धा नाही ओ. मेसेजवाल्याच्या हिशोबानं हे ढोंग पकडल्याचा पुरावा झाला असता, "बघा, हे बरं आठवतं!"

आणि ज्यांची आठवण धडधाकट आहे त्यांचं तरी रेकॉर्डिंग कुठं असतं? ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, सोलापूर सगळं रस्त्यावर. माझा भाऊ शपथेवर सांगतो की त्यानं मला उचलून बाहेर नेलं, आणि मला स्पष्ट दिसतंय की मी आईचा पदर धरून जिना उतरलो. दोघंही खोटं बोलत नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती गोष्ट थोडी नव्यानं जुळवतो, आणि भीतीच्या वेळची आठवण ठळक असते, पण ठळक म्हणजे बरोबर असं नाही.

१०% ची गोष्ट साफ खोटी आहे. वजनाच्या जेमतेम २% असलेला मेंदू, शरीर आरामात असताना सुद्धा साधारण २०% ऊर्जा खातो. ९०% झोपलेलाच असता तर लकव्यात एवढ्याशा भागाचं रक्त थांबून माणसाची वाचा कशी गेली असती?

आता शिव्यांचं. तोंडाला आवर घालणं हे कपाळामागच्या भागाचं, फ्रंटल लोबचं मोठं काम. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिआस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली, जगला, पण त्याच्या डॉक्टरनंच लिहून ठेवलंय की आधीचा शांत, जबाबदार माणूस नंतर तोंडाळ आणि हट्टी झाला. (पुढं त्यानं चिलीत घोडागाडीही चालवली, म्हणजे बराच सावरलाही असावा.) डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या, काही प्रकारांत हाच भाग झिजतो. तेव्हा ब्रेक गेलेल्या गाडीला "हाच हिचा खरा वेग" म्हणणं अन्याय आहे.

सगळ्यात घातक ते शेवटचं, रोज परीक्षा. २०१० मध्ये अमेरिकेत हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या पाच जणांना दुःखी सिनेमांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळात काय बघितलं ते गेलं, पण उदासपणा राहिला. पुढं अल्झायमरच्या पेशंटमध्येही तेच दिसलं. म्हणजे "सकाळी काय खाल्लं, सांगा की" म्हणून दहा वेळा टोचलं तर प्रश्न विसरतील, पण अपमान आत घर करून बसेल, आणि दुपारी का रडतायत ते त्यांनाही सांगता येणार नाही.

भारतात साठीच्या पुढचे साधारण ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत जगतायत असा २०२३ चा अंदाज आहे, तेव्हा तुमच्या गल्लीतही कुणी असेल. आधी डॉक्टरकडं न्या, कारण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, डिप्रेशन, काही गोळ्या, यानंही विसरायला होतं आणि ते बऱ्याचदा सुधारतं. एक-दोन दिवसांतच अचानक बरळायला लागले तर त्याच दिवशी न्या, लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं.

सुनेनं प्रश्न विचारणं सोडलंय. सकाळी समोर बसून स्वतःच सांगते, "अत्ता, मी तुमची सून, चहा झाला आपला, आता भाकरी टाकते." आजी मान हलवतात आणि सरकून तिला जागा करून देतात.