बासची स्पर्धा म्हणजे नशिबाचा खेळ? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही आठवडे इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे आणि आतापर्यंत तो मला चार जणांकडून आला आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेत बास नावाचा मासा पकडण्याच्या तीन-तीन, चार-चार दिवसांच्या स्पर्धा होतात आणि विजेत्याला मोठी रक्कम मिळते, पण हा खेळ नव्हे, गळ टाकून बसायचे आणि नशिबाची वाट पाहायची, एवढेच त्यात असते. पहिल्या दिवशी पुढे असणारा शेवटी मागे पडतो, हा त्या नशिबाचाच पुरावा. बाकी ज्याची बोट महाग आणि यंत्रे नवी तो जिंकतो, फसवणूक सर्रास चालते आणि शेवटी हजारो मासे मारून फेकून दिले जातात.

मी अलाबामातील हंट्सव्हिल येथे राहतो. तासाभराच्या अंतरावर टेनेसी नदीवरचा गंटर्सव्हिल जलाशय आहे आणि तिथल्या क्लबांच्या दोन दिवसांच्या पाच स्पर्धांत मी दुसऱ्याच्या बोटीत मागच्या बाजूला उभा राहून भाग घेतला आहे. पाचांपैकी एकातही मी पहिल्या दहांत आलो नाही. मात्र वरच्या मजकुरातील एकेक विधान तपासून पाहण्याइतके मी त्या पाण्यावर पाहिले आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करतो, कारण मजकुरासोबत मासळीबाजारातील बासाचे छायाचित्र जोडलेले आहे. बासा हा मत्स्यशेतीत वाढवला जाणारा, शिंगाड्याच्या (कॅटफिशच्या) जातकुळीतला मासा आहे. रायगडात ज्याला जिताडा आणि गोव्यात चोणक म्हणतात तो आशियाई सी-बासही वेगळा. या स्पर्धांतला लार्जमाउथ बास आणि त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास हे उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचे शिकारी मासे आहेत. ते दबा धरून बसतात आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतात.

आता मुख्य आरोप, नशिबाचा. एका दिवसाच्या स्पर्धेत नशिबाचा वाटा मोठा असू शकतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एखाद्याला सकाळी एकाच जागी पाच मोठे मासे लागतात आणि त्याचा दिवस साधतो. नेमक्या याच कारणासाठी स्पर्धा अनेक दिवसांची ठेवतात. रोज जास्तीत जास्त पाच माशांचे वजन धरले जाते. सहावा मासा लागला की सहांतला सर्वांत हलका सोडून द्यावा लागतो. दिवसांची वजने एकमेकांत मिळवतात. मोठ्या व्यावसायिक मालिकेत शंभराच्या आसपास स्पर्धक असतात, दोन दिवसांनंतर त्यांतले सुमारे निम्मे गळतात आणि चौथ्या दिवशी फक्त दहा उरतात. जिवंत आमिष चालत नाही, केवळ कृत्रिम आमिषे वापरता येतात. ठरलेल्या वेळेला एक मिनिट उशीर झाला तर एक पौंड वजा होतो आणि पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाला तर त्या दिवसाचे सगळे वजन जाते.

या नियमांखाली चार दिवस टिकायचे असेल तर रोज नव्याने पाणी वाचावे लागते, आणि पाणी रोज बदलते. गंटर्सव्हिलचेच उदाहरण घ्या. हा जलाशय टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने १९३९ मध्ये पूर्ण केलेल्या धरणामुळे तयार झाला. धरणात वीजनिर्मिती सुरू असते तेव्हा जलाशयात प्रवाह चालतो. लहान मासे त्या प्रवाहाबरोबर जुन्या नदीपात्राच्या उंचवट्यांवरून वाहत येतात आणि बास त्या उंचवट्यांच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. निर्मिती थांबली की प्रवाह थांबतो आणि तेच मासे विखुरतात. विजेची मागणी शनिवार-रविवारी बहुधा कमी असते. गुरुवारी सुरू झालेल्या स्पर्धेत गुरुवार-शुक्रवारी भरभरून देणारी जागा शनिवारी रिकामी पडते, त्यामागे हे कारण असू शकते. पहिल्या दिवशी पुढे असलेला माणूस तिसऱ्या दिवशी मागे पडतो तो बहुतेक वेळा कालच्या उत्तरालाच धरून बसल्यामुळे.

हे मला माझ्याच चुकीतून कळले. मार्चमधली स्पर्धा होती. पाण्याखाली हायड्रिला नावाची वनस्पती वाढलेली होती आणि आम्ही तिच्या शेंड्यांवरून लाल रंगाचे, आत छरे खुळखुळणारे आमिष ओढत होतो. आमिष गवतात अडकते, दोरी ताठ होते, मनगटाला झटका देऊन ते सोडवायचे आणि सुटल्यावर ते क्षणभर खाली घसरते, त्याच क्षणी मासा लागतो. तो झटका कोपरापर्यंत जाणवतो. पहिल्या दिवशी असे पाच मासे मला दुपारी बारापूर्वी मिळाले. रात्री वारा उत्तरेकडे वळला, आभाळ निरभ्र झाले आणि थंडी पडली. दुसऱ्या दिवशी मी सहा तास तेच आमिष त्याच गवतावरून ओढले आणि एक मासा मिळवला. बोटीचा मालक, साठी ओलांडलेला माणूस, एका तासातच थांबला होता. थंडीच्या लाटेनंतर मासे आडोशाला चिकटून बसतात, त्यांच्यासाठी आमिष संथ आणि अगदी तोंडाजवळून न्यावे लागते, एवढेच तो बोलला. त्याने साधे रबरी किड्याचे आमिष घेऊन गवताच्या भोकांत एकेक करून सोडायला सुरुवात केली आणि पाच मासे पुरे केले. बोट तीच, पाणी तेच, वारा तोच. आम्हा दोघांत अंतर होते ते पाच फुटांचे.

माझे आजोबा दाभोळच्या खाडीत गरी टाकायचे. उधाणाचे दिवस कोणते, ओहोटी कोणत्या खडकापाशी वळसा घेते, ढगाळ संध्याकाळी मासा कुठे चढतो, हे पाहून ते जागा ठरवत. त्यांना मासा मिळाला म्हणजे नशीब, असे गावात कोणी म्हणाले नाही. तोच न्याय इथे लावावा, एवढे माझे म्हणणे आहे.

अधिक ठोस पुरावा हवा असेल तर बासमास्टर क्लासिकची नोंद पाहावी. ही वार्षिक अजिंक्यपद स्पर्धा १९७१ मध्ये नेवाडातील लेक मीड येथे २४ स्पर्धकांनिशी सुरू झाली आणि ती तीन दिवसांची असते. रिक क्लन यांनी ती १९७६, १९७७, १९८४ आणि १९९० अशी चार वेळा जिंकली. केव्हिन व्हॅनडॅम यांनी २००१, २००५, २०१० आणि २०११ अशी चार वेळा. लागोपाठ दोन विजयांवर मी फार भर देणार नाही, कारण पन्नास वर्षांत एखाददुसऱ्या वेळी तसे निव्वळ योगायोगानेही घडू शकेल. चार-चार विजय मात्र योगायोगात बसवता येत नाहीत. त्यातही व्हॅनडॅम यांचे दोन विजय शेजारी ठेवून पाहावेत. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या नद्यांत मासे इतके दुर्मिळ होते की तीन दिवसांचे मिळून १२ पौंड १५ औंस, म्हणजे सहा किलोंहूनही कमी, एवढ्या वजनावर ते जिंकले. स्पर्धेच्या इतिहासातले हे सर्वांत कमी विजयी वजन आहे. २०११ मध्ये लुइझियानाच्या त्रिभुज प्रदेशात ते ६९ पौंड ११ औंस आणून जिंकले आणि रोज पाच माशांच्या मर्यादेतला तो त्या वेळचा विक्रम ठरला. दुष्काळात आणि सुकाळात तोच माणूस पहिला येतो, याचे उत्तर नशिबापाशी नाही.

उलट बाजूचे उदाहरणही देतो, कारण शेवटच्या दिवशी मागून येऊन जिंकलेल्यांकडे बोट दाखवले जाते. २०१४ ची क्लासिक गंटर्सव्हिलवरच झाली. रँडी हॉवेल अखेरच्या सकाळी अकराव्या स्थानावर होते. ठरवलेल्या जागेकडे न जाता ते स्प्रिंग क्रीकच्या पुलाकडे वळले आणि तिथे त्या दिवशी २९ पौंड २ औंस वजनाचे पाच मासे मिळवून जिंकले. हे वळणे वरवर पाहता अंतःप्रेरणा वाटेल. पण हिवाळ्याच्या अखेरीस बास खोल पाण्यातून अंडी घालण्याच्या उथळ खाड्यांकडे सरकत असतात, आणि रस्त्याचा भराव व पूल यांमुळे तिथे खाडीत शिरण्याची वाट चिंचोळी होऊन बाजूला दगडांचा आडोसा मिळतो. ज्याच्या डोक्यात हा नकाशा वर्षानुवर्षे साठलेला असतो, त्यालाच अशी प्रेरणा होते.

गळ टाकून बसून राहण्याबद्दल थोडक्यात. या स्पर्धांत कोणी बसत नाही. स्पर्धक पहाटे निघतो, आठ तासांच्या आसपास बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहतो, एका पायाने लहान विजेरी मोटरीचा पेडल दाबून बोट वाऱ्याविरुद्ध धरतो आणि त्याच वेळी शेकडो वेळा आमिष फेकतो. चार दिवसांच्या स्पर्धेआधी सरावाचे दिवस असतात, ते वेगळेच. दोन दिवसांनंतर माझ्या अंगठ्याची कातडी माशांच्या खरबरीत जबड्याने सोलून निघाली होती आणि उजवा खांदा आठवडाभर धरला होता.

पैशांच्या मुद्द्यात तथ्य आहे. बोटी महाग आहेत, प्रवेशशुल्क महाग आहे, आणि गरीब घरातल्या मुलाला वरच्या पातळीवर पोचणे कठीण आहे. पण ‘महागडी बोट जिंकते’ हे त्यातून निघत नाही, कारण वरच्या पातळीवर जवळजवळ सर्वांकडे सारखीच साधने असतात आणि इंजिनाच्या शक्तीलाही मर्यादा आहे. ताकाहिरो ओमोरी हा जपानी तरुण १९९२ मध्ये इंग्रजी जवळजवळ येत नसताना अमेरिकेत आला, सुरुवातीच्या काळात गाडीतच राहिला आणि २००४ मध्ये लेक वायली येथे त्याने क्लासिक जिंकली. यंत्रांबाबतचा वाद मात्र खरा आहे आणि तो स्पर्धकांतही तीव्रतेने चालू आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याखाली पुढच्या दिशेला पाहणाऱ्या ‘सोनार’ या नव्या यंत्राच्या पडद्यावर एकेक मासा हलताना दिसतो. २०२५ च्या क्लासिकमध्ये २२ वर्षांच्या ईस्टन फॉदरगिलने ७६ पौंड १५ औंस आणून व्हॅनडॅम यांचा विक्रम मोडला, तो याच यंत्राच्या पिढीतला. माझ्या मते या यंत्रावर मर्यादा हवीच, आणि मेजर लीग फिशिंग या स्पर्धा भरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेने २०२५ पासून आपल्या मुख्य मालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात ते वापरू देण्याचा घेतलेला निर्णय योग्य आहे. तरीही यंत्र मासा दाखवते, त्याला तोंड उघडायला लावत नाही. रिक क्लन यांनी २०१९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीवरची चार दिवसांची स्पर्धा जिंकली, हेही याच काळातले आहे.

फसवणुकीचा पुरावा म्हणून मजकुरासोबत एक चित्रफीत फिरते: माशांचे पोट चिरले जाते, त्यातून शिशाचे गोळे बाहेर पडतात आणि जमाव संतापतो. ती चित्रफीत खरी आहे, पण ती बासच्या स्पर्धेची नाही. ती सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलँडजवळ, लेक ईरीवरील वॉलआय माशांच्या स्पर्धेत घेतलेली आहे. माशांच्या आकाराशी वजन जुळत नाही, हे तिथल्या स्पर्धाप्रमुखाच्याच लक्षात आले. ते मासे आणणाऱ्या दोघा स्पर्धकांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्यांना कैद झाली आणि बोट जप्त झाली. बासच्या स्पर्धांतही लबाडीचे प्रकार घडले आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच विजेत्यांची पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची, चाचणी घेण्याची पद्धत तिथे जुनी आहे, आणि व्यावसायिक मालिकांत मासे कुठे आहेत याची माहिती इतरांकडून मिळवण्यावरही निर्बंध आहेत.

शेवटचा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण त्यात अर्धे खोटे आहे आणि उरलेल्या अर्ध्याकडे कोणी नीट पाहत नाही. मासे मारून फेकले जात नाहीत. या संघटित स्पर्धांचे जनक रे स्कॉट यांनी १९७२ मध्येच पकडलेले मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची मोहीम सुरू केली. तेव्हापासून बोटीत प्राणवायू मिसळत राहणाऱ्या पाण्याची टाकी असणे हा नियमच झाला. मेलेला मासा काट्यावर आला तर वजनातून औंस कापले जातात, आणि चार औंसांनी स्पर्धा हरणारे असतात. जूनमधल्या एका दुपारी आमच्या बोटीच्या मालकाने दर अर्ध्या तासाने टाकीचे झाकण उघडून बर्फाने गोठवलेली बाटली पाण्यात सोडली आणि हात बुडवून गारवा पाहिला. स्वतः पाणी प्यायचे मात्र तो विसरला.

पण सोडलेला प्रत्येक मासा जगतो, असेही मी म्हणणार नाही. पाणी जितके तापलेले तितके नंतर मरणारे मासे अधिक, हे यातले सर्व जाणकार मान्य करतात. वसंतात नर बास घरट्यावर पहारा देत असतो. त्याला उचलून नेले की ब्लूगिलसारखे लहान मासे थोड्याच वेळात अंडी फस्त करतात, आणि तोलाईनंतर तो कित्येक मैल दूर सोडला गेला तर घरटे संपलेच. माशाला गळ टोचणेच ज्यांना अमान्य आहे, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. ज्यांना खेळ हवा आणि मासेही हवेत, त्यांच्यासाठी मार्ग उपलब्ध आहे: मेजर लीग फिशिंगच्या मुख्य मालिकेत मासा बोटीतच तोलून लगेच तिथल्या तिथे सोडतात. आमच्या क्लबच्या जुलै-ऑगस्टमधल्या स्पर्धांनाही हीच पद्धत लावावी, असा अर्ज मी आणि आणखी सहा जणांनी सही करून यंदा दिला आहे, आणि तो पुढच्या बैठकीत चर्चेला येणार आहे.