चावी पुण्याला गेली

नव्या गाडीची चावी खिशातून बाहेर काढावी लागत नाही, हे मी गेली तीन वर्षं ज्याला-त्याला कौतुकाने सांगत होतो. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगून झालं. चावी खिशात असली की दाराच्या हँडलवरचं बारीक काळं बटण दाबायचं, दार उघडतं. आत बसून क्लच दाबायचा, डॅशबोर्डवरचं गोल बटण दाबायचं, गाडी सुरू. चावी तिकडे खिशात सुट्ट्या पैशांशेजारी लोळत पडलेली. या सुखात एकच खोट आहे. काही महिन्यांनी ‘चावी कुठे आहे?’ हा प्रश्न माणसाला पडायचा थांबतो. तो फक्त गाडीला पडतो.

गेल्या रविवारी बायकोला पुण्याच्या गाडीला बसवायचं होतं. पार्ल्याहून निघालो तेव्हा माझ्या अंगात झब्बा-लेंगा होता, आणि लेंग्याला खिसा नव्हता. तरीही मी ऐटीत हँडलवरचं बटण दाबलं आणि दार उघडलं, कारण बायको पर्स खांद्याला लावून माझ्या शेजारी उभी होती. शनिवारी बाजारात गाडी तिने नेली होती. चावी तेव्हापासून तिच्या पर्समध्ये. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मला वाटलं, गाडी मला ओळखते.

दादर स्टेशनच्या दारात गाडी थांबवायला मिळतात ते वीस सेकंद. मागे टॅक्सी, पुढे टेम्पो, डाव्या खिडकीत शेवंतीचे हार. बायको उतरली, बॅग ओढली, ‘दूध घ्यायला विसरू नका’ म्हणाली आणि दार आपटून गर्दीत गेली. त्याच क्षणी गाडी टिंग टिंग टिंग करून ओरडली.

आता गाडीच्या ओरडण्याचं मला काही वाटत नाही, आणि हा दोष एकट्या माझा नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना कायद्यानेच कंठ फुटला आहे. पट्टा लावला नाही की ओरड, मागे घेताना भिंत जवळ आली की ओरड, ताशी ८० च्या वर गेलात की ओरड, १२० च्या वर गेलात की न थांबता ओरड. (मुंबईत ८० च्या वर जायला कुणाला मिळालं, तर त्याने ते जपून ठेवावं.) शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी तिला पट्टा लावा म्हणून ही गाडी मागे लागते. त्यामुळे तिचं बोलणं मनावर घेणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. संसारात ती सवय होतीच.

माहीमच्या सिग्नलला फोन आला.

‘अहो, तुमच्या गाडीची चावी माझ्या पर्समध्ये आहे.’

‘काहीतरीच काय. मग गाडी चालतेय कशी?’

‘ते मला विचारताय? आमचं कुर्ला गेलं आत्ता.’

तेव्हा मी पहिल्यांदा डॅशबोर्डकडे नीट पाहिलं. काट्यांच्या मधोमध चावीचं एक चित्र, आणि त्याखाली इंग्रजीत चावी सापडत नसल्याची सूचना. दादरपासून ती बिचारी सांगत होती.

चावीशिवाय गाडी चालते कशी, हे मला माझ्या भाच्याने पूर्वी दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा मी मान डोलावली होती. माहीमच्या कॉजवेवर मात्र ते सगळं एका दमात समजलं. आपल्याकडे उखाणा घेतात ना, तसा हा प्रकार आहे. हँडलवरचं बटण दाबलं की गाडी आतल्या आत एक अगदी क्षीण लहर सोडते, साधारण १२५ किलोहर्ट्झची. ती जेमतेम हात-दीड हात, फार तर मीटरभर पोचते. चावी कायम कान टवकारून बसलेली असते. लहर तिच्या कानावर पडली की ती जागी होते. गाडी विचारते, ‘नाव घे.’ चावी ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. गंमत अशी, की गाडीचा प्रश्न दर वेळी नवा असतो आणि त्याचं उत्तर दोघींनाच ठाऊक असलेल्या गुपितावरून काढावं लागतं. म्हणून कालचा उखाणा आज चालत नाही. कुणी चोरून ऐकून ठेवला तरी फुकट. उत्तर जुळलं तर दार उघडतं. स्टार्टचं बटण दाबल्यावर हाच सोहळा पुन्हा होतो, फक्त या वेळी आतले अँटेना चावी गाडीच्या आत आहे की बाहेर, याचीही खात्री करून घेतात.

पण एकदा इंजिन सुरू झालं की विचारणं संपलं! उंबरठ्यावर अडवतात, घरात शिरल्यावर कोण विचारतं? आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. हायवेवर चावीतला सेल संपला म्हणून भर वेगात इंजिन बंद पडू लागलं, तर माणसं मरतील. म्हणून गाडी नुसती कुरकुरते, थांबत नाही. शहाणपणाची गोष्ट आहे. फक्त त्या शहाणपणाचा अर्थ असा होता, की मी जोवर इंजिन बंद करत नाही तोवर राजा, आणि बंद केलं की लोखंडाच्या टनभर ढिगाऱ्यात बसलेला एक बिनखिशाचा गृहस्थ.

त्यातून आमची गाडी हाताने गिअर टाकायची. म्हणजे क्लच जरा चुकला की आचका देऊन बंद. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, पण त्या दिवशी कलानगरला मी पहिल्या दिवशी शिकणाऱ्यासारखा क्लच सोडत होतो, पाव इंच, पाव इंच. डावी पोटरी थरथरायला लागली. मागचा रिक्षावाला आधी हॉर्न वाजवून, मग शेजारी येऊन, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून दयेने पुढे गेला. वाकोल्याच्या पुलाच्या चढावर गर्दी तुंबली होती. तिथे हँडब्रेक, क्लच आणि देव या तिघांवर मिळून मी सात मिनिटं काढली. तेवढ्यात पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. पंपावर जाणार कसा? तिथे पहिलं वाक्य ‘इंजिन बंद करा’.

भाच्याला फोन लावला.

‘मामा, काही झालं तरी बंद करू नका. घरी दुसरी चावी आहे ना?’

‘आहे.’

‘कुठे?’

‘तूच सांगितलंस तिथे.’

त्यानेच सांगितलं होतं. मागच्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा त्याने आम्हाला गाडीचोरीची नवी तऱ्हा ऐकवली होती. एक चोर घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीचा प्रश्न पहिला दुसऱ्याकडून घेऊन घरातल्या चावीपर्यंत पोचवतो, चावीचं उत्तर उलट वाटेने गाडीपर्यंत. वधू माजघरात झोपलेली, आणि तिचा उखाणा उंबरठ्यावर ऐकू येतोय! गुपित फोडावंच लागत नाही, नुसतं अंतर खोटं ठरवायचं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे करून दाखवलं, आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर. दहाच्या दहा उघडल्या आणि सुरूही झाल्या. यावर उपाय काय, तर चावी धातूच्या बंद डब्यात ठेवायची. लहरी आत शिरत नाहीत, बाहेर पडत नाहीत. ‘मामी, तुमचा स्टीलचा डबा बेस्ट,’ असं म्हणून त्याने चौथी चकली उचलली होती. बायकोने त्याच रात्री दुसरी चावी डब्यात टाकली.

कुठल्या डब्यात, हा तपशील चकलीच्या नादात राहून गेला.

सोसायटीत शिरलो. आमच्या पार्किंगची रचना मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको: एकामागे एक दोन गाड्या, आत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची, तिच्यापुढे माझी. काकांना सोमवारी पहाटे पाच वाजता विमानतळावर जायचं होतं. म्हणजे ‘घरीच तर आलो, आता करा बंद’ हाही मार्ग गेला. मी वॉचमनला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, ‘गाडी चालू राहू दे. या गोल बटणाला हात लावायचा नाही.’ तो दोन्ही हात वर करून बसला, ऑपरेशन थिएटरमधल्या डॉक्टरसारखा.

वर गेलो, तर घराची किल्लीही त्याच जुडग्यात. म्हणजे आता कर्जतच्या आसपास. नशीब, की समोरच्या काकूंकडे आमची एक किल्ली कायम असते. साधी, पितळेची, दातांची. तिला सेल लागत नाही, काकू लागतात.

‘या की, चहा टाकते.’

‘काकू, खाली गाडी चालू आहे.’

‘असू दे हो, गाडी काय पळून जातेय? किल्ली कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते बघते.’

चहा झाला. किल्ली मिळाली. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचे एकतीस डबे आहेत, हे मी त्या दिवशी मोजलं. पोहे, रवा, साबुदाणा, कुळीथ, रिकामा, रिकामा, रबरबँड, रिकाम्यात रिकामा. फोनला रेंज नाही, बायको बोगद्यात. शेवटी वरच्या फळीवर देवाच्या सामानाचा पसरट डबा. त्यात वाती, सुपाऱ्या, हळकुंडं, आणि या सगळ्यांच्या मधे पिवळी धमक झालेली चावी. मी तिचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. गाडी घेतल्यापासून त्यातला सेल बदललेलाच नव्हता. कान टवकारून बसण्यालाही थोडी थोडी वीज लागतेच. हा सेल म्हणजे सीआर २०३२, वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. आणि तो ठेवणारं आमच्या नाक्यावरचं दुकान रविवारी बंद.

खाली आलो तोवर गाडीभोवती चार माणसं जमली होती. वॉचमनचे हात अजून वरच. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘बंद करा हो. सकाळी न्यूट्रलला टाकून ढकलू. आमची पद्मिनी आम्ही आयुष्यभर ढकलली.’ पण आमच्या गाडीचं इंजिन बंद करून दार उघडलं की स्टिअरिंगलाही कुलूप बसतं. ढकलली तर ती सरळ तुळशीवृंदावनात जाईल.

भाचा व्हिडिओ कॉलवर आला. ‘मामा, चावीच्या बाजूला छोटी खिट्टी आहे, ती सरकवा.’ सरकवली. चावीच्या पोटातून एक लोखंडी चावी निघाली.

‘म्हणजे चावी आहेच की!’ काका ओरडले.

‘तिने फक्त दार उघडतं, काका. इंजिनासाठी मामा, ती अख्खी चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवायची. टेकवलेलीच ठेवून बटण दाबायचं.’

‘अरे पण सेल मेलाय.’

‘मेट्रोच्या कार्डात कुठे सेल असतो?’

हे मात्र मला पटलं. बटणाच्या मागे तारेचं वेटोळं असतं. ते चुंबकीय क्षेत्र तयार करतं, आणि चावीतली एक वेगळी चिप त्याच क्षेत्रातून आपल्यापुरती चिमूटभर वीज घेऊन जागी होते. मीटरभरावरून ऐकू येण्याएवढी नाही, पण कानाला कान लावला तर नाव घेण्याएवढी. बेशुद्ध माणसानेही बायकोचं नाव घ्यावं, तशी सोय.

पण त्यासाठी आधी इंजिन बंद करायला हवं होतं. दादरपासून सव्वादोन तास मी जे जपत आलो ते. वॉचमनला उठवलं, मी बसलो. काकूही खाली आल्या होत्या. मी बटण दाबलं. एवढी शांतता आमच्या सोसायटीत मी ऐकलेली नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

क्लच दाबला, चावी टेकवली, बटण दाबलं. काही नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाच्याकडे, भाच्याने वर पंख्याकडे.

‘साहेब,’ वॉचमन हळूच म्हणाला, ‘उलटी धरलीय. कंपनीचं चिन्ह बटणाकडं करा.’

उलटून टेकवली. हिरवा दिवा लागला, इंजिन घुरघुरलं, काकूंनी दोन्ही हात जोडले. नंतर अर्धा तास गाडी तशीच सुरू होती, कारण ती पुन्हा बंद करायला कुणी तयार होईना. पेट्रोलचा दिवा मिचमिचायला लागला, तेव्हा काकांनीच पुढे होऊन बंद केली.

हळदीची चावी मी वॉचमनकडे ठेवली आणि गाडी लॉक न करता झोपलो. पहाटे पाचला खाली आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं. काका सूटकेस घेऊन उभे होते. वॉचमन आमच्या गाडीत बसला होता. आतल्या दिव्याच्या उजेडात त्याने चावी आधी बटणाला लावली, मग कपाळाला, मग पुन्हा बटणाला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.