'वुल्फ क्रीक'च्या पहिल्या भागालाही असंच झोडपलं होतं
'वुल्फ क्रीक २' या ऑस्ट्रेलियन हॉररपटावरच्या लेखात म्हटलंय, हा म्हणजे नुसता रक्तपात, पहिल्या भागातली भीती गायब. अर्धं पटलं. २००५ च्या पहिल्या भागात खुनी मिक टेलर यायलाच बराच वेळ जातो, तोवर आपण त्या बॅकपॅकर्समध्ये गुंतलेलो असतो, दुसऱ्यात मात्र तो सुरुवातीलाच दोन पोलिसांना उडवतो नि मग थांबतच नाही, जर्मन जोडप्याची धड ओळख होते न होते तोच त्यांचा खेळ खल्लास. पण मिकच्या तळघरातल्या क्विझबद्दल लेखात एक ओळही नाही? ब्रिटिश पोरगा बांधलेला, ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावर प्रश्न, चुकलं की बोट गेलं, आणि बिचारा जीव वाचवायला गाणी म्हणतोय, हसावं की डोळे मिटावेत तेच कळत नाही राव. परक्या लोकांबद्दलचा द्वेष सिनेमाचा की मिकचा, हा खरा वाद. मला विचाराल तर मिकचा, पण दिग्दर्शक ग्रेग मॅक्लीनला मिक जरा जास्तच आवडायला लागलाय हेही आहेच (मिक झालेल्या जॉन जॅरॅटचं ते हसणं!). कांगारूंचा सीन फालतू. बाकी पहिल्याला अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने शून्य स्टार दिले होते, त्यामुळे त्याला आता क्लासिक म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.